बीकन हिल : दर्शनी भिंत सगळ्यांची

बोस्टनची रेड लाइन केंब्रिजच्या बाजूने येताना केंडल स्क्वेअरपर्यंत जमिनीखालून धावते. तिथून ती वर येते आणि चार्ल्स नदीवरच्या लाँगफेलो पुलावर चढते. पुलावर असेपर्यंत डबा उजेडाने भरून जातो. समोरच्या काठावर उजव्या हाताला विटकरी घरांची दाट उतरण दिसते. घरं बहुतेक चार-पाच मजल्यांच्या आतली, एकमेकांना चिकटलेली, माथ्यावर धुराड्यांची गर्दी. हीच बीकन हिल. पूल संपला की चार्ल्स-एमजीएच स्टेशन, आणि जिना उतरून रस्ता ओलांडला की टेकडीचा पायथा.

माझी भाची या स्टेशनजवळच्या मोठ्या इस्पितळात संशोधनाचं काम करते. ती आणि जावई टेकडीच्या उत्तर उतारावर भाड्याने राहत होते, आणि आता तिथेच स्वतःचं घर घ्यायचं त्यांच्या मनात होतं. "मावशी, तू आहेस तोवर चल आमच्याबरोबर घरं बघायला. चार डोळे जास्त असलेले बरे," असं भाची म्हणाली. त्यामुळे एरवी पाहुण्यांना रस्त्यावरूनच दिसणारी ही वस्ती मला तळघरापासून गच्चीपर्यंत बघायला मिळाली.

आधी टेकडीची हकीकत सांगते, कारण घराचा भाव तिथूनच ठरतो. सतराव्या शतकात बोस्टन वसलं तेव्हा इथे एकाला लागून एक अशा तीन टेकड्या होत्या. त्यांतल्या उंच टेकडीवर १६३० च्या दशकात संकटाची सूचना देण्यासाठी खांबावर जाळ पेटवायची सोय केली होती, म्हणून ती बीकन हिल. शहर वाढलं तसे तिन्ही माथे खोदून सपाट केले गेले. आजची टेकडी ही मूळ टेकडीचा उरलेला बुंधा आहे. १७९५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाची इमारत इथे बांधायचं ठरलं आणि हॅरिसन ग्रे ओटिस, जोनाथन मेसन वगैरे मंडळींनी 'माउंट व्हर्नन प्रोप्रायटर्स' नावाने एकत्र येऊन शेजारची सुमारे १८ एकर चराऊ जमीन उचलली. ती होती प्रसिद्ध चित्रकार जॉन सिंगलटन कॉप्ली यांची. कॉप्ली इंग्लंडमध्ये राहत होते. विधिमंडळ शेजारी येणार ही बातमी त्यांना वेळेवर समजली नाही आणि त्यांच्या मुखत्याराने जमीन सुमारे १८ हजार डॉलरला देऊन टाकली. कळल्यावर त्यांनी व्यवहार मोडायचा खटाटोप केला, पण उपयोग झाला नाही. जमिनीच्या व्यवहारात बातमी आधी कुणाला कळते यावर सगळं असतं, हे तेव्हाही खरंच होतं.

विधिमंडळाची इमारत १७९८ मध्ये पूर्ण झाली. वास्तुकार चार्ल्स बुलफिंच. तिच्या लाकडी घुमटावर १८०२ मध्ये पॉल रिव्हियरने तांब्याचा पत्रा चढवला आणि १८७४ मध्ये त्यावर सोन्याचा वर्ख आला. बुलफिंचने एकट्या ओटिससाठी या परिसरात एकामागून एक तीन घरं बांधली आणि तिन्ही अजून उभी आहेत. दक्षिण उतारावर अशी श्रीमंतांची घरं उठली. टेकडी खोदून निघालेली माती खाली नदीकाठच्या दलदलीत पडली. त्या भरावावर चार्ल्स स्ट्रीट आणि तिच्या पलीकडचा सपाट भाग तयार झाला. त्याला इथले लोक 'फ्लॅट ऑफ द हिल' म्हणतात. ही माती लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

पिंकनी स्ट्रीट टेकडीच्या कण्यावरून जाते. तिच्या दक्षिणेला माउंट व्हर्नन, चेस्टनट, बीकन हे मानाचे रस्ते. पिंकनी आणि माउंट व्हर्नन यांच्या मधे लुईसबर्ग स्क्वेअर आहे : लोखंडी कठड्यातली लांबट बाग आणि दोन्ही बाजूंना फुगीर दर्शनी भिंतींची घरं. ही बाग नगरपालिकेची नाही. ती भोवतालच्या घरमालकांची आहे, आणि १८४४ पासून मालकांची समितीच तिचं सगळं बघते. 'लिटल विमेन'ची लेखिका लुईझा मे अल्कॉट अखेरच्या वर्षांत काही काळ इथल्या दहा नंबरच्या घरात राहत होती. इथल्या घरांचे व्यवहार एक कोटी डॉलरच्या वर गेलेले आहेत. ते आमच्या यादीत अर्थातच नव्हतं, पण रोज संध्याकाळी आम्ही तिथूनच फिरून यायचो.

त्या फिरण्यात बघायला पुष्कळ असायचं. रस्त्याकडेला गॅसचे दिवे आहेत आणि ते दिवसाही जळत असतात. दाराच्या पायरीशी दगडात बसवलेली लोखंडी आडवी पट्टी दिसते, चिखलाचे बूट खरवडायची. रस्ते कच्चे होते तेव्हा तिची गरज होती, आता तिच्याभोवती फुलांच्या कुंड्या असतात. बीकन स्ट्रीटवरच्या काही घरांच्या खिडक्यांना जांभळट काचा आहेत. १८१८ ते १८२४ च्या सुमारास इंग्लंडहून आलेल्या काचेत मँगनीजचं प्रमाण चुकलं होतं आणि उन्हाने काचेचा रंग बदलला. त्या काळी तो माल सदोष ठरला असता. आज अशी एक काच तडकली तर मालक हळहळतो, कारण तशी दुसरी मिळत नाही.

पिंकनी स्ट्रीटच्या उत्तरेला उतरलं की गल्ल्या अरुंद होतात आणि घरं साधी. मला टेकडीचा हाच भाग जास्त मोलाचा वाटला. एकोणिसाव्या शतकात इथे बोस्टनमधले स्वतंत्र कृष्णवर्णीय लोक राहत. कुणी दक्षिण उतारावरच्या घरांत कामाला, कुणी न्हावी, कुणी खलाशी, कुणी जुन्या कपड्यांचा व्यापारी. जॉय स्ट्रीटवरून आत वळलं की १८०६ मध्ये बांधलेलं आफ्रिकन मीटिंग हाऊस लागतं. अमेरिकेत आज उभ्या असलेल्या कृष्णवर्णीयांच्या चर्च-इमारतींमध्ये ही सर्वांत जुनी. बाहेरून अगदी साधी विटांची इमारत, आत लाकडी बाकं आणि वर गोलाकार सज्जा. १८३२ च्या जानेवारीत विल्यम लॉइड गॅरिसन आणि त्यांच्या साथीदारांनी गुलामगिरी नष्ट करण्यासाठी न्यू इंग्लंड अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन केली, ती इथे. शेजारीच कृष्णवर्णीय मुलांची वेगळी शाळा होती, १८३५ ची. सारा रॉबर्ट्स नावाच्या लहान मुलीला घराजवळच्या गोऱ्या मुलांच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तिच्या वडिलांनी खटला भरला. १८५० मध्ये ते हरले, पण १८५५ मध्ये राज्याने कायदा करून शाळांमधला हा भेद बंद केला.

मीटिंग हाऊसमधल्या बाकावर बसले असताना मला जोतीराव फुले आठवले. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्या चळवळीला वंदन केलं, तिची एक मोठी बैठक ही. फिलिप्स स्ट्रीटवरचं ६६ नंबरचं घर लुईस आणि हॅरिएट हेडन यांचं. लुईस स्वतः केंटकीतल्या गुलामीतून पळून आलेले. पळून आलेल्या किती तरी लोकांना या जोडप्याने आसरा दिला. विल्यम आणि एलन क्राफ्ट यांना पकडायला १८५० मध्ये माणसं आली तेव्हा हेडननी घरात बारूद भरून ठेवल्याचं आणि घर उडवून देण्याची धमकी दिल्याचं सांगतात. घर खाजगी आहे, आत जाता येत नाही. पण त्या दारासमोर थोडं थांबल्याशिवाय मला पुढे जाववलं नाही.

मराठी माणसासाठी टेकडीच्या पायथ्याशी आणखी एक जागा आहे. चार्ल्स स्ट्रीट खाली पब्लिक गार्डनला मिळते, तिथे हातात टोपी आणि काठी घेतलेल्या एका वृद्ध गृहस्थांचा पुतळा आहे. ते एडवर्ड एव्हरेट हेल. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली, तिचे हेल अध्यक्ष. दहा वर्षं मदत करण्याचं वचन या संस्थेने दिलं आणि त्या पैशावर पंडिता रमाबाईंनी १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. त्याच वर्षी त्यांचं अमेरिकेवरचं मराठी प्रवासवृत्तही प्रसिद्ध झालं. पुतळ्यापासून जवळच त्याच बागेत बदकं आणि पिल्लांची ब्राँझची रांग आहे. तिथे मुलांची झुंबड असते. हेल यांच्याजवळ सहसा कुणी नसतं. मराठी पाहुण्यांनी तिथे जरूर थांबावं.

आता घराकडे वळते. इथलं घर तुम्ही पैसे मोजून विकत घेता, पण रस्त्यावरून दिसणारी भिंत पूर्णपणे तुमची होत नाही. १९४७ मध्ये नगरपालिकेने विटांचे पदपथ उखडून काँक्रीट घालायचं ठरवलं, तेव्हा वेस्ट सीडर स्ट्रीटवरच्या बायका घरातून बाहेर आल्या आणि विटांवर ठाण मांडून बसल्या. विटा राहिल्या. १९५५ मध्ये राज्याने कायदा करून हा वारसा-विभाग ठरवला, मॅसॅच्युसेट्समधला अगदी पहिल्या काहींपैकी, आणि पुढच्या काही वर्षांत सपाट भाग आणि उत्तर उतारही त्यात आले. तेव्हापासून सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या कुठल्याही बदलाला बीकन हिल आर्किटेक्चरल कमिशनची परवानगी लागते. दाराचा रंग, मुठीचा आकार, खिडकीच्या पट्ट्या, कठडा, दारावरची घंटा, गच्चीवरची लाकडी बैठक, सगळं. खिडक्या लाकडीच हव्यात आणि छोट्या काचा खरोखरच वेगवेगळ्या बसवलेल्या हव्यात, वरून चिकटवलेल्या पट्ट्या चालत नाहीत. सुनावणी जाहीर असते, शेजारी येऊन बोलू शकतात. आत मात्र मालक मुखत्यार. स्वयंपाकघर पार नव्या धर्तीचं केलंत तरी कुणी विचारायला येत नाही.

काहींना हा जाच वाटतो. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण केंब्रिज स्ट्रीटच्या पलीकडे दिसतं. तिथे वेस्ट एंड नावाची वस्ती होती : इटालियन, ज्यू, पोलिश कामकऱ्यांची, दाट आणि जिवंत. १९५८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली ती जवळजवळ सगळी जमीनदोस्त केली गेली, हजारो लोक विखुरले आणि जागेवर उंच महागडे ब्लॉक आले. टेकडीसाठी कायदा झाला होता, वेस्ट एंडसाठी नव्हता. अर्थात कायदा कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, यात पैशाचा आणि ओळखीचा हिशोब होताच. आणि प्रत्येक बाबतीत टेकडीवाल्यांचं बरोबर असतं असंही नाही. अंध लोकांना पायाला जाणवावेत म्हणून पदपथांच्या कोपऱ्यांवर बसवायच्या उंचवट्यांच्या प्लॅस्टिक पट्ट्यांवरून इथल्या नागरिक संघटनेने २०१४ मध्ये शहराविरुद्ध कोर्टात धाव घेतली. पट्ट्या वस्तीला शोभत नाहीत, हा मुद्दा. तिथे माझं मत सरळ पट्ट्यांच्या बाजूने आहे. ज्याला दिसत नाही त्याला तो रस्ता ओलांडता आला पाहिजे, शोभा नंतर.

भाचीने बघितलेली बहुतेक घरं म्हणजे जुन्या एका घराचे चार-पाच तुकडे करून केलेले फ्लॅट. तिकडे त्यांना कॉन्डो म्हणतात. पाच बिऱ्हाडांच्या अशा इमारतीत वॉचमन नाही, ऑफिस नाही. मालकांपैकीच दोघं-तिघं ट्रस्टी होऊन सगळं बघतात, आपल्याकडच्या छोट्या सोसायटीचे सेक्रेटरी बघतात तसं. त्यामुळे घर बघण्याआधी कागद बघावे लागतात : मास्टर डीड, मागच्या सभांचे वृत्तान्त, आणि मुख्य म्हणजे शिल्लक निधी किती. छत गळायला लागलं आणि निधीत काही नसेल तर प्रत्येकाच्या अंगावर वीस-तीस हजार डॉलर सहज येतात. एका बेडरूमच्या सहाशे चौरस फुटांच्या जागेला सात-आठ लाख डॉलर मोजल्यावर ते झेपणारे नसतात. ते सहाशे फूट मात्र आतले, वापरायचे. सुपर बिल्टअपचा घोळ तिथे नाही.

सपाट भागातला एक फ्लॅट भाचीला फार आवडला होता. उंच छत, जुनी सरकती खिडकी, तिच्या चौकटीत दोरीला बांधलेली लोखंडी वजनं अजून चालू. काच किंचित लाटांची, त्यामुळे समोरचं झाड हललेलं दिसायचं. पण तपासणीस आला आणि थेट तळघरात गेला. त्याने तुळईच्या टोकात टोच्या खुपसून पाहिला, भिंतीच्या विटांवर बोट फिरवलं आणि बोटावरची लालसर भुकटी आम्हाला दाखवली. जुन्या मऊ विटांमध्ये मूळचा चुना होता. कुणी तरी दरजा सिमेंटने भरल्या. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग ती विटेतून निघते आणि वीटच झडते. दुरुस्ती चुन्यानेच करावी लागते. मग त्याने विचारलं, "पाइल्सचा रिपोर्ट आहे का?"

इथे ती भरावाची माती येते. सपाट भागातली घरं जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब भूजलात बुडालेले असेपर्यंत शेकडो वर्षं टिकतात. गळक्या गटारांमुळे किंवा बोगद्यांमुळे पाण्याची पातळी खाली गेली आणि त्यांचे माथे उघडे पडले की ते कुजतात. ब्रिमर स्ट्रीटवर १९८० च्या दशकात काही घरांच्या भिंतींना यामुळेच तडे गेले. त्यानंतर बोस्टन ग्राउंडवॉटर ट्रस्ट स्थापन झाला. तो शहराच्या भरावावरच्या भागांतल्या निरीक्षण विहिरींतल्या पाण्याची पातळी मोजून सगळ्यांसाठी प्रसिद्ध करतो. कुजलेले माथे कापून तिथे पोलाद आणि काँक्रीट भरायचा खर्च लाखो डॉलरच्या घरात जातो. त्या इमारतीचा रिपोर्ट नव्हता आणि ट्रस्टी तो करून घ्यायला तयार नव्हते. जावयाने तिथल्या तिथे नको म्हटलं. भाची स्टेशनापर्यंत काही बोलली नाही.

याआधी काही वर्षं बाजार इतका तापला होता की विक्रेते तपासणीची अट सोडून देणाऱ्यालाच घर देत. २०२५ च्या ऑक्टोबरपासून राज्याने नियम केला, तपासणी सोडा अशी अट विक्रेत्याला आता घालता येत नाही. असाच दुसरा महत्त्वाचा कायदा शिशाचा. १९७८ आधीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहणार असेल तर शिसं असलेला रंग काढणं किंवा सुरक्षित करणं मालकावर बंधनकारक आहे. इथली बहुतेक घरं १९७८ च्या आधीचीच, म्हणून मुलाचा विचार असणाऱ्या जोडप्याने हा खर्च धरूनच चालावं. व्यवहार वकिलामार्फत होतो : आधी ऑफर, मग तपासणी, मग बहुधा पाच टक्के अनामत ठेवून करारनामा, शेवटी नोंदणी. विक्रीवरचा कर विक्रेता भरतो. कर्ज बहुतेक वेळा तीस वर्षांचं आणि व्याजदर शेवटपर्यंत तोच. आपल्याकडे दर बदलला की हप्ता किंवा मुदत बदलते, ती धास्ती अशा कर्जात नसते.

गाडी असेल तर मात्र पुन्हा विचार करावा. रस्त्यावर रहिवाशांसाठी जागा असतात, पण मिळणं नशिबावर. ब्रिमर स्ट्रीटवरच्या गॅरेजमधल्या जागा घरांसारख्या विकल्या जातात, आणि शेजारच्या बॅक बेमध्ये २०१३ मध्ये मागेपुढे दोन गाड्या मावतील एवढी उघडी जागा लिलावात ५ लाख ६० हजार डॉलरला गेली. लिफ्ट जवळजवळ कुठेच नाही. कचरा ठरलेल्या सकाळी पिशव्यांत पदपथावर ठेवायचा, त्यामुळे उंदीर आहेत आणि लाखो डॉलरच्या घरांसमोरही आहेत. बर्फ थांबल्यापासून तीन तासांत आपल्या दारासमोरचा पदपथ आपणच साफ करायचा. झाडांच्या मुळांनी उचललेल्या त्या विटांवर बर्फ पडल्यावर माझ्या वयाच्या माणसाने एकटं बाहेर पडू नये. अकॉर्न स्ट्रीटच्या गोट्यांच्या फरसबंदीवर फोटो काढणाऱ्यांची रीघ दिवसभर असते, आणि तिथे राहणाऱ्यांना दार उघडताना रोज कुणाला तरी बाजूला व्हायला सांगावं लागतं.

पण जमेच्या बाजूलाही खूप आहे. भाची चालत कामाला जाते. दूध, भाजी, औषधं, वाचनालय, नदीकाठ सगळं पायी. शेजारी नावाने हाक मारतात. हॅलोविनच्या रात्री रस्ते मुलांनी भरून जातात आणि म्हातारी माणसं पायरीवर खुर्च्या टाकून खाऊ वाटतात. इतकी माणसं पायी चालणारी वस्ती मी अमेरिकेत दुसरी पाहिली नाही.

शेवटी त्यांनी उत्तर उतारावर तिसऱ्या मजल्यावर एक बेडरूम आणि एक छोटी अभ्यासाची खोली असलेली जागा घेतली. टेकडीच्या मूळ कठीण जमिनीवर आहे, निधी भरलेला आहे, छत अलीकडेच झालं आहे. जांभळी काच नाही आणि खिडकीतून बाग दिसत नाही.

बोस्टनमध्ये नोकरी करणाऱ्या आणि या टेकडीवर घर घेऊ पाहणाऱ्या मराठी मुला-मुलींना माझं सांगणं एवढंच : सपाट भागात असाल तर पाइल्सचा रिपोर्ट मागा, टेकडीवर असाल तर दरजांत चुना आहे की सिमेंट ते बघा, निधीचा आकडा लेखी घ्या, आणि दाराचा रंग आपल्या मनासारखा नसेल तरी चालेल अशी तयारी असेल तरच सही करा. आई-वडील वर्षातले काही महिने राहायला येणार असतील तर बोस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये लिफ्ट असलेलं घर बघा, ते बरं पडेल.